विश्लेषण : सायकल, कडबा, नांगर… लक्ष्मणराव किर्लोस्करांनी धंद्याच्या कल्पना कशा शोधल्या आणि कशा पारखल्या?

बाजारात नाही अशी वस्तू बनवायची, ती कोणी घेईल की नाही ठाऊक नाही आणि खिशात पैसे मोजकेच. आज स्टार्टअप सुरू करणाऱ्या प्रत्येकापुढे असलेला हा पेच सव्वाशे वर्षांपूर्वी बेळगावातील एका माजी ड्रॉइंग शिक्षकापुढेही होता. त्यांनी बनवलेला लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी तयार नव्हते. लोखंड लागले की जमीन नासते, असा त्या वेळचा समज होता. तरीही तोच नांगर पुढे महाराष्ट्रातील एका मोठ्या उद्योगसमूहाचा पाया ठरला. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांच्या वाटचालीतून रोजच्या जगण्यातली अडचण हेरणे, तिच्यावर उपाय तयार करणे आणि तो प्रत्यक्षात पारखून घेणे, हे सगळे कसे घडले याचा हा आढावा.

लक्ष्मणराव किर्लोस्कर कोण होते?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. घरात व्यापाराची परंपरा नव्हती, कारखानदारीची तर नव्हतीच. लक्ष्मणरावांचे मन शाळेच्या पुस्तकांत रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रे उघडून पाहणे, या दोन गोष्टींची मात्र त्यांना विलक्षण ओढ होती.

चित्रकार होण्यासाठी त्यांनी मुंबई गाठली आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. खर्चाचा भार थोरले बंधू रामूअण्णा यांनी उचलला. सुमारे दोन वर्षांनी आपल्याला काही रंगांमधला फरक ओळखता येत नाही, हे लक्ष्मणरावांच्या लक्षात आले. रंगांधळ्या माणसाला चित्रकार कसे होता येणार? शिक्षणाची ती वाट तिथेच संपली.

यांत्रिक आरेखनाला मात्र रंगांची गरज नव्हती. तिथे लागते ती रेष, माप आणि नेमकेपणा. लक्ष्मणरावांनी तो विषय पक्का केला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिक्षक झाले. शिकवण्याचे काम आटोपले की त्यांचा वेळ संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जाई. लेथ कसा चालतो, साचा कसा तयार होतो, वाफेचे इंजिन कुठे अडते, हे त्यांनी तिथे हाताने काम करून शिकून घेतले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. यंत्रांवरची अमेरिकी मासिके वाचण्याची सवय मात्र त्यांनी पुढेही जपली.

पहिली कल्पना कुठून आली?

रस्त्यावरून. मुंबईत एका पारशी गृहस्थाला दोन चाकांच्या सायकलवरून जाताना लक्ष्मणरावांनी पाहिले आणि ते वाहन त्यांच्या मनात घर करून बसले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. सारख्या आकाराच्या दोन चाकांची, साखळीवर चालणारी सायकल तेव्हा नवीनच होती. हवा भरलेले टायर १८८८ मध्ये डनलॉप यांनी प्रत्यक्षात आणले. म्हणजे साऱ्या जगातच हे वाहन नुकते आकाराला येत होते.

किर्लोस्कर ब्रदर्सच्या स्थापनेचे वर्षही १८८८ हेच मानले जाते. लक्ष्मणराव मुंबईत नोकरी करत सायकली मिळवायचे आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे, अशी दोन भावांची वाटणी होती. भांडवल बेताचे होते. त्यामुळे मालाने भरलेले मोठे दुकान थाटून गिऱ्हाइकाची वाट पाहण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

या टप्प्यावर धोका किती होता, तेही पाहायला हवे. एका भावाचा पगार सुरू होता. दुसरा भाव गावात राहून गिऱ्हाइकाचा अंदाज घेत होता. बेळगाव लष्करी छावणीचे गाव होते. तिथे अधिकारी होते, वकील होते, सरकारी नोकर होते. महागडी आणि नवलाईची वस्तू घेऊ शकणारा वर्ग लहान होता, पण तो तिथे नक्की होता. धंदा बुडालाच असता तर नुकसान झाले असते, मात्र घर उघड्यावर आले नसते. कल्पना आधी छोट्या प्रमाणात चालवून पाहायची आणि मग वाढवायची, या गोष्टीला आज इंग्रजी नावे आहेत. किर्लोस्कर बंधूंनी ती गरज म्हणून केली.

सायकलीच्या धंद्यातून काय शिकायला मिळाले?

सायकल विकायची तर ती चालवायलाही शिकवावी लागे, कारण विकत घेणाऱ्याने ती आधी कधी चालवलेलीच नसे. दुकानातर्फे शिकवण्याची सोय करण्यात आली आणि त्याचे वेगळे शुल्क घेतले गेले. विकल्यानंतर दुरुस्ती आलीच. म्हणजे एका वस्तूभोवती तीन कामे उभी राहिली. विक्री, शिकवणी आणि दुरुस्ती.

नवी वस्तू आणि जुना ग्राहक यांच्यामधली दरी कोणीतरी भरून काढावी लागते आणि ते काम विकणाऱ्याचेच असते, हा धडा इथे मिळाला. नांगराच्या वेळी त्याची किंमत कळणार होती.

दरम्यान मुंबईत आणखी एक घटना घडली. संस्थेत लक्ष्मणरावांचा हक्क असलेली बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली. आता पगाराचा आधार सुटला होता आणि दोन्ही भावांचा संसार धंद्यावर आला होता.

सायकलीचा धंदा सोडून ते शेतीच्या अवजारांकडे का वळले?

सायकल ही बाहेरून आणून विकायची वस्तू होती. ती दुसराही कोणी आणून विकू शकत होता आणि तसे दुकानदार येऊ लागले की नफा घटणार हे उघड होते. शिवाय लक्ष्मणरावांचा जीव विकण्यापेक्षा बनवण्यात होता. प्रश्न होता तो काय बनवायचे याचा.

याचे उत्तर त्यांना आसपासच्या गोठ्यांत मिळाले. दख्खनच्या पठारावर जनावरांचे मुख्य खाद्य म्हणजे ज्वारीचा कडबा. पेंढी अख्खी टाकली की बैल पाने आणि कोवळा भाग खातात आणि जाड ताटे तुडवून टाकतात. दुष्काळी पट्ट्यात चारा असा वाया जाणे म्हणजे थेट पैशाचे नुकसान. हाच कडबा बारीक कापून घातला तर जनावर तो सगळा खाते. घरोघरी विळ्याने किंवा अडकित्त्यासारख्या अवजाराने कडबा तोडला जाई, पण ते काम वेळखाऊ होते.

किर्लोस्करांनी कडबा कापण्याचे यंत्र बनवले. त्याची रचना फार गुंतागुंतीची नव्हती. चाकाला धारदार पाती लावायची, एका बाजूने कडबा सरकवायचा आणि चाक फिरवायचे. छोट्या वर्कशॉपमध्ये, मोजक्या हत्यारांवर तयार होईल असे ते यंत्र होते आणि तयार झालेले तुकडे समोर दिसत असल्याने गिऱ्हाइकाला फायदा समजावून सांगावा लागत नव्हता.

कल्पना निवडण्याचे तीन निकष इथे दिसतात. अडचण रोजची असावी, उपाय आपल्या आवाक्यातला असावा आणि फायदा वापरणाऱ्याच्या डोळ्यांना दिसावा. नांगराने यांतला पहिला निकष पूर्ण केला, पण दुसरा अवघड ठरला आणि तिसरा त्याहून अवघड.

लोखंडी नांगरच का?

देशी लाकडी नांगर जमीन उकरतो. त्याचा फाळ मातीत चर पाडत जातो, पण माती उलटी करत नाही. काळ्या भारी जमिनीत हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या खोलवर जातात. त्या निघाल्या नाहीत तर पिकाच्या वाट्याचे पाणी तणच पिऊन टाकते. खोल नांगरट करायची तर जड लाकडी नांगराला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. एवढे बैल सगळ्यांकडे नसत. मग शेजाऱ्यांशी सावड करून पाळीची वाट पाहावी लागे.

लोखंडी नांगराला फाळामागे वळणदार पत्रा असतो. फाळाने कापलेली मातीची वडी या पत्र्यावर चढते आणि उलटी पडते. तणाच्या मुळ्या वर येतात, उन्हात वाळतात आणि खालची माती मोकळी होते. असे विलायती नांगर भारतात येत होते, पण ते इथल्या शेतकऱ्यासाठी किंवा इथल्या बैलासाठी बनलेले नव्हते.

किर्लोस्करांनी १९०३ मध्ये आपला लोखंडी नांगर तयार केला. कंपनीच्या इतिहासात हे वर्ष मैलाचा दगड मानले जाते. लक्ष्मणरावांचे पुत्र आणि पुढे समूहाचे नेतृत्व करणारे शंतनुराव यांचा जन्मही त्याच वर्षीचा.

मग शेतकरी नांगर का घेत नव्हते?

लोखंडामुळे जमिनीत विष कालवले जाते आणि ती नापीक होते, असे शेतकरी मानत होते. आज हा समज हास्यास्पद वाटेल. मात्र शेतकऱ्याच्या जागेवर उभे राहून पाहिले तर त्याचा नकार समजण्यासारखा आहे.

पहिला मुद्दा पैशाचा. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई. बलुतेदारीच्या पद्धतीत त्याला वर्षाकाठी धान्य मिळे. रोख पैसे मोजून नांगर विकत घेणे हीच मुळात नवी गोष्ट होती. दुसरा मुद्दा दुरुस्तीचा. लाकडी नांगर मोडला तर सुतार दोन घरे पलीकडे राहत होता. लोखंडी नांगराचा ओतीव भाग ऐन पेरणीच्या तोंडावर फुटला तर काय करायचे? तिसरा मुद्दा वेळेचा. नांगर वाईट निघाला हे कळेपर्यंत हंगाम हातचा जातो आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा एक हंगाम जाणे म्हणजे सावकाराच्या दारात उभे राहणे. न पाहिलेल्या वस्तूसाठी एवढी जोखीम कोण घेणार?

पहिला नांगर विकला जायला तब्बल दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. ही दोन वर्षे किर्लोस्करांसाठी काय असतील, याची कल्पना करता येते. ओतकामात पैसा अडकलेला, माल पडून, गाळ्यात कामगार आणि घरात वाढते कुटुंब. जाहिरातीने हा प्रश्न सुटणारा नव्हता. नांगर प्रत्यक्ष जमिनीत चालताना दिसायला हवा होता.

अखेर कोंडी कशी फुटली?

घाऊक प्रमाणात नाही, एकेका शेतापासून. ज्यांच्याकडे जमीन थोडी अधिक होती आणि एखादा प्रयोग फसला तरी सोसण्याची ताकद होती, अशा बागायतदारांकडे नांगर आधी पोहोचला. त्यांच्या शेतात उलटी पडलेली काळी ढेकळे शेजाऱ्याला बांधावरून दिसत होती. दुसऱ्या वर्षी तिथे तण कमी उगवले तर तेही दिसत होते. जमीन नासली नाही, हे सिद्ध करायला एवढाच पुरावा उपयोगाचा होता आणि तो मिळायला वेळ लागणे अटळ होते.

शेतात वापर सुरू झाला की अवजारातले दोषही उघडे पडतात. फाळाचे टोक दगडाळ रानात लवकर झिजते. फाळ मऊ असेल तर बोथट होतो आणि फार कडक असेल तर तुटतो. ओतकामात लोखंडाचा कडकपणा साधणे हे लहान वर्कशॉपसाठी मोठेच आव्हान होते. नांगराचे झिजणारे भाग सुटे मिळाले पाहिजेत आणि ते कोणत्याही नांगराला बसले पाहिजेत, ही अटही ओघाने आली. त्यासाठी प्रत्येक नगाचे माप एकसारखे हवे. मुंबईत शिकलेले यांत्रिक आरेखन इथे कामी आले.

ग्राहकाने दाखवलेली उणीव दुरुस्त करायची, पुन्हा शेतात पाठवायची आणि पुन्हा ऐकून घ्यायचे. सॉफ्टवेअर कंपन्या आज दर पंधरवड्याला अशी फेरी पूर्ण करतात. नांगराची एक फेरी पूर्ण व्हायला अख्खा हंगाम लागत होता. त्या काळात टिकून राहायला पैसा आणि धीर दोन्ही लागत होते.

बेळगाव का सोडावे लागले?

धंदा मार्गी लागत असतानाच नवे संकट आले. ज्या ठळकवाडी भागात कारखाना होता, तिथे बेळगाव नगरपालिकेला नवी वस्ती वसवायची होती. कारखान्याला जागा खाली करण्याचा हुकूम मिळाला. यंत्रे, भट्टी, कच्चा माल आणि माणसे घेऊन जायचे कुठे? दुसरी जागा घेण्याइतका पैसा शिल्लक नव्हता. कारखाना मोडला असता तर हाताखाली तयार झालेले कारागीरही विखुरले असते आणि नांगरावर खर्ची पडलेली सगळी वर्षे वाया गेली असती.

औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी लक्ष्मणरावांना ओळखत होते. औंध येथील सभामंडपाचे काम त्यांनी लक्ष्मणरावांवर सोपवले होते. लक्ष्मणरावांची अडचण कळल्यावर त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली. कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी कर्ज असे त्या मदतीचे स्वरूप होते. कर्जाची रक्कम १० हजार रुपये असल्याचे सांगितले जाते. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. रंगांधळेपणामुळे चित्रकला सोडावी लागलेल्या माणसाला कारखान्यासाठी हात देणारा राजा चित्रकार असावा, हा योगायोगच.

१९१० च्या मार्च महिन्यात किर्लोस्करांचे बिऱ्हाड कुंडल रोडला पोहोचले. समोर होता निवडुंगाने भरलेला माळ. पाण्याची वानवा आणि सापांचा सुळसुळाट. जागेच्या जमेच्या बाजू दोनच. रेल्वे दाराशी होती आणि निघून जा म्हणणारे कोणी नव्हते.

माळरानावर कारखाना कसा उभा राहिला?

इथे लक्ष्मणरावांची माणसे पारखण्याची पद्धत महत्त्वाची ठरली. पदवीधर अभियंते त्या माळावर येणे शक्यच नव्हते. त्यामुळे माणसाकडे काय प्रमाणपत्र आहे यापेक्षा त्याला काय जमते, हे पाहणे भाग होते. शंभूराव जांभेकर यांनी यंत्रांची बाजू सांभाळली. शाळेत मन न रमलेले अनंतराव फळणीकर इथे कर्तबगार तंत्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. मंगेशराव रेगे यांनी कारभार आणि हिशेब पाहिला. रामूअण्णांनी घरे, पाणी, रस्ते आणि झाडे यांची जबाबदारी घेतली.

रखवालीचे काम तर तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांवर सोपवण्यात आले. त्यांतले तुकाराम रामोशी हे नाव किर्लोस्करवाडीच्या इतिहासात आवर्जून घेतले जाते. समाजाने शिक्का मारलेल्या माणसाला विश्वासाचे काम देणे हा त्या काळात धाडसी निर्णय होता. तो फसला नाही.

या वस्तीला किर्लोस्करवाडी हे नाव पडले आणि पुढे रेल्वे स्थानकाचे नावही तेच झाले. भारतातील सुरुवातीच्या नियोजित औद्योगिक वसाहतींमध्ये तिची गणना होते. आज ती सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात येते.

पहिल्या महायुद्धाने फायदा केला की तोटा?

दोन्ही. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले आणि परदेशी अवजारांची आवक आटली. विलायती नांगराशी असलेली स्पर्धा आपोआप कमी झाली आणि मागणी किर्लोस्करांच्या नांगराकडे वळली. मात्र त्याच युद्धामुळे ओतकामासाठी लागणारे बिडाचे लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. गिऱ्हाईक दारात आहे आणि भट्टी थंड आहे, अशी स्थिती होती.

कोळशाऐवजी लाकूडफाटा वापरून पाहण्यात आला. मोडीत निघालेले लोखंड गोळा करण्यात आले. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी किल्ल्यावर पडून असलेल्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या, ही हकिकत प्रसिद्ध आहे. तोफांच्या लोखंडाचे नांगर झाले आणि कारखाना सुरू राहिला.

युद्ध संपल्यावर १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही पब्लिक लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकांपर्यंत नेणे हा त्याचा मूळ हेतू होता. पुढे ते ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी घराघरांत पोहोचले आणि त्याला ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही भावंडे मिळाली. कंपनीच्या जाहिरातीसाठी निघालेल्या पत्रकाने मराठी वाचकाला नवे लेखक आणि नवे विचार दिले.

सगळ्याच कल्पना यशस्वी झाल्या का?

नाही. चरख्याचे उदाहरण बोलके आहे. अखिल भारत चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. यंत्र खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालणारे असावे, किंमत १५० रुपयांच्या आत असावी आणि ते वीस वर्षे टिकावे, अशा अटी होत्या. किर्लोस्करवाडीत काळे या संशोधकांनी एक यंत्र तयार केले. ते ‘किर्लोस्कर चरखा’ म्हणून ओळखले गेले आणि त्याची रीतसर चाचणीही झाली. मात्र ते सगळ्या अटी पूर्ण करत नाही असे परीक्षकांचे मत पडले आणि बक्षीस मिळाले नाही.

इथे अडचण कौशल्याची नव्हती. जास्त सूत काढणारे यंत्र साधेही असावे, स्वस्तही असावे आणि खेड्यातल्या बाईला एकटीने चालवता व दुरुस्त करता यावे, या मागण्या एकमेकींना छेद देत होत्या. वापरणाऱ्याच्या घरात जी वस्तू तग धरत नाही, ती कारखान्यात कितीही चांगली चालली तरी उपयोगाची नसते. नांगराने हीच परीक्षा दिली होती आणि तो उत्तीर्ण झाला होता.

तिसाव्या दशकातील जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्याकडे पैसा नसल्याने नांगराची मागणीही घसरली. एकाच वस्तूवर आणि एकाच प्रकारच्या ग्राहकावर अवलंबून राहण्याचा धोका समोर आला. उसाचे चरक, शेंगा फोडण्याचे यंत्र, पंप, लोखंडी फर्निचर अशी उत्पादनांची यादी वाढत गेली. यांतील बहुतेक वस्तूंचे मूळ पुन्हा रोजच्या कामात होते. विहिरीतले पाणी मोटेने उपसायला बैल आणि माणूस दिवसभर अडकून पडत. त्यामुळे पंप आणि तो चालवणारे इंजिन ही नांगरानंतरची स्वाभाविक पायरी होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकून आलेल्या शंतनुरावांच्या पिढीने ही दिशा पुढे नेली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली.

या यशात नशिबाचा वाटा किती?

तो नाकारता येणार नाही. थोरल्या भावाने सुरुवातीला पैसा आणि विश्वास दिला नसता तर लक्ष्मणराव मुंबईला पोहोचलेच नसते. औंधच्या राजाने जागा दिली नसती तर १९१० मध्ये कारखाना बंद पडण्याची शक्यता मोठी होती. युद्धाने विलायती माल रोखला नसता तर स्पर्धा अधिक कठीण झाली असती. शिक्षण आणि संस्थानिकांपर्यंत पोहोच असणाऱ्या कुटुंबातला जन्म हाही एक फायदाच होता. तो प्रत्येकाला मिळत नाही.

मात्र या तिन्ही वेळी हातात दाखवण्यासारखे काहीतरी तयार होते. रामूअण्णांसमोर भावाची मेहनत होती. बाळासाहेबांनी काम पाहिलेले होते. युद्ध सुरू झाले तेव्हा शेतात चालून सिद्ध झालेला नांगर तयार होता. ज्या दोन वर्षांत तो विकला जात नव्हता, तेव्हा तो बनवणे थांबवले असते तर १९१४ ची संधी दुसऱ्या कोणाची झाली असती.

आजच्या नवउद्योजकाला यातून काय घेता येईल?

पहिली गोष्ट, कल्पना शोधायला दूर जायची गरज नसते. गोठ्यात वाया जाणारा कडबा सगळेच पाहत होते. ती नासाडी थांबवता येईल आणि त्यासाठी कोणी पैसे मोजेल, असा हिशेब थोड्यांनीच केला.

दुसरी, चाचणीचा खर्च आपल्याला झेपेल एवढाच ठेवावा. पगार सुरू असताना सायकलींचा धंदा, सायकलींचा धंदा सुरू असताना कडब्याचे यंत्र आणि त्यानंतर नांगर, असा हा क्रम होता. प्रत्येक पायरीने पुढच्या पायरीचा खर्च आणि अनुभव पुरवला.

तिसरी, ग्राहकाच्या नकाराला अडाणीपणा म्हणून मोडीत काढू नये. जमीन नासेल या भीतीमागे पैसा, दुरुस्ती आणि हंगाम यांचे खरे प्रश्न होते. सुटे भाग मिळू लागले आणि शेजाऱ्याच्या रानात नांगर चालताना दिसला, तेव्हा ती भीती ओसरली. नुसत्या युक्तिवादाने ती गेली नसती.

चौथी गोष्ट वेळेची. काही वस्तूंची पारख आठवड्यात होते, काहींना दोन हंगाम लागतात. आपली वस्तू यांतली कोणती आहे, हे आधी ओळखले तर किती काळ पुरेल एवढा पैसा हाताशी ठेवायचा, हेही ठरवता येते.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने १९६९ मध्ये तिकीट काढले. बेळगावात जिथे सायकलींचे दुकान होते, तो रस्ता आज किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो, तर मिरज-पुणे मार्गावरील गाड्या किर्लोस्करवाडी स्थानकावरून धावतात.